उरलेले केस

"ओढायचा नाही गं. सोडवून घ्यायचा. ओढलास तर केस हातात येईल, मूळ आत राहील, आणि तुला कळणारसुद्धा नाही."

मेट्रनबाईंचा हा आवाज अठरा वर्षं माझ्या कानात आहे. डोक्याच्या मागचा केस मुळासकट काढून पुढच्या टकलावर रोवायचा, हे काम मी त्यांच्या हाताखाली शिकले. मागचे केस संपलेल्या माणसाला छातीचे आणि हनुवटीखालचे केस कसे लावायचे, तेही त्यांनीच शिकवलं. अंगावरच्या केसांना त्या आळशी म्हणायच्या. "डोक्याचा केस बहुतेक जागा असतो. छातीवरचे निम्मे झोपलेले. झोपलेला उपटून लावलास तर तो पुन्हा उठेलच असं नाही. म्हणून आधी सगळी छाती तासून घ्यायची आणि आठवडाभर थांबायचं. जे वर डोकं काढतील ते जागे. तेवढ्यांनाच हात लावायचा."

त्या सोमवारी सकाळी मी हात धुऊन आत गेले तर दोन नंबरच्या टेबलावर माझा भाचा उघडा पडला होता, आणि त्याची छाती पायपुसण्यासारखी दाट होती. एका केसाला वस्तरा लागलेला नव्हता.

"तुला असंच यायला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"असंच म्हणजे? आंघोळ करून आलोय, मावशी."

"छाती तासून आठवडा झालेला हवा. सांगितलं नाही कुणी?"

"दाढी करतात हे माहितेय. छाती कोण करतं? मी काय सिनेमात चाललोय?" तो हसला. "शनिवारी आरसेवाल्याचा फोन आला. एकाची तारीख रद्द झालीय, सोमवारी या म्हणाला. मी आलो."

आरसेवाला म्हणजे आमच्या क्लिनिकात पेशंटना पटवण्याच्या कामावर असलेला माणूस. खरं पद काहीतरी मोठं आहे. पण तो सदा हातात आरसा घेऊन फिरतो आणि माणसाला त्याचंच टक्कल दाखवून घाबरवतो, म्हणून आम्ही बायका त्याला आरसेवाला म्हणतो.

माझ्या भाच्याला घाबरवायला मात्र आरशाची गरज नव्हती. घरात त्याला सगळे पाणकावळा म्हणतात. लहानपणी तलावावर नेला की ओढून काढावा लागायचा. आता तो पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवतो. दिवसाचे सहा तास डोकं ओलं. पातळ केसांवर माणसं ती काळी पूड भुरभुरवतात ना, ती त्याच्या उपयोगाची नाही. पहिल्या बुडीत वाहून जाते. उथळ बाजूची पोरं त्याला 'नकाशा' म्हणतात. पाठमोरा उभा राहिला की दिसतो तसा: इथं एक बेट, तिथं एक, मध्ये मोकळी कातडी. पुढं टक्कल तर आहेच.

तो नकाशा याच टेबलावर काढला गेला. दोन वर्षांपूर्वी. त्याला इथं मीच आणलं होतं.

ते सांगायलाच हवं. त्या दिवशी डॉक्टरांनी दोन टेबलं एकाच वेळी लावली होती. पाणकावळ्याच्या डोक्याच्या मागून घ्यावेत त्याच्या दुप्पट केस काढून झाले होते. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कुणी बडी असामी आली आणि आम्हा सगळ्यांना तिकडं बोलावणं आलं. काढलेले केस गार पाण्यात, बर्फावर ठेवायचे असतात. ते ट्रॉलीवर, दिव्याखाली, कोरड्या पडलेल्या डिशमध्ये तासभराहून जास्त राहिले. मी परत आले तेव्हा मुळं पिवळी पडली होती. ताजं मूळ पांढरं आणि ओलसर असतं, उमललेल्या भाताच्या शितासारखं. ही शेवयांसारखी ताठ झाली होती.

"सर, हे वाळलेत," मी म्हटलं.

"लावा," डॉक्टर म्हणाले. "डोक्यात गेल्यावर कुणाला दिसतंय?"

मी लावले. एकेक करून, नीट कोन साधून, चिमट्यानं. मेलेले केस इतक्या निगुतीनं मी कधी लावले नव्हते.

वर्ष झालं तरी काही उगवलं नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लेकाला घेऊन जाब विचारायला आली. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं, "पथ्य पाळलं नाही मुलानं. महिनाभर तलावात उतरायचं नाही, असं बजावलं होतं. औषधी पाणी डोक्याला लागलं की केस टिकत नाहीत." पोरानं बिनपगारी रजा टाकून तो महिना घरात काढला होता. तो म्हणाला, मी पाण्याला शिवलोसुद्धा नाही. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी भिंतीला टेकून उभी होते. मी काही बोलले नाही.

तेव्हापासून वर्षभर अक्काच्या तोंडी एकच. घास मागितला तरी तेच. "पाण्याशिवाय राहवत नाही त्याला. स्वतःच्या हातानं डोकं बुडवलंन." पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, पोराच्या तोंडावर. तोही नंतर नंतर 'मी शिवलो नाही' म्हणायचं सोडून देऊ लागला.

रोज सकाळी देवापुढं बसल्यावर मी म्हणते, आज माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. वीस वर्षांचा नेम आहे, एक दिवस चुकलेला नाही. गप्प बसणं त्यात मोडत नाही अशी माझी समजूत होती. कुणी घालून दिलेली नव्हे, माझी मीच सोयीनं करून घेतलेली. तिची आठवण झाली की अजून मला माझी किळस येते.

तर त्या सोमवारी मी आधी आरसेवाल्याच्या खोलीत गेले.

"तुम्ही त्याला छाती तासायचं सांगितलं नाही."

"सिस्टर, ट्रिमर फिरवा की. दहा मिनिटांचं काम."

"ट्रिमरनं केस आखूड होतो. झोपलाय का जागा आहे हे आठवडा थांबल्याशिवाय कळत नाही. शिवाय आधी शंभरेक लावून बघायचे असतात, धरतात का ते. त्याला काही महिने जातात."

"अहो, तुमचाच भाचा ना? मग तर घाईच करायला हवी. लग्नाचं वय निघून चाललंय बिचाऱ्याचं." बाहीनं तो आरसा पुसत राहिला. "आणि निम्मे गेले तरी निम्मे राहतातच. पेशंट कुठं मोजत बसतो?"

मला आवाज चढवता येत नाही. राग आला की माझा आवाज उलट खाली जातो. आमच्या ह्यांना ते पक्कं ठाऊक आहे. मी फार हळू बोलायला लागले की ते चपला घालून फिरायला निघतात. आरसेवाल्याला ते ठाऊक नव्हतं. "काय म्हणालात?" असं त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा सांगण्यात मला रस नव्हता.

परत आले तर डॉक्टर टेबलापाशी होते. हातात निळं पेन, भाच्याच्या कपाळावर नवी रेषा आखणं चाललेलं. त्यांना दुसऱ्या टेबलावरही जायचं होतं, घड्याळ बघत होते.

"छातीतून बाराशे, हनुवटीखालून पाचशे," ते मला म्हणाले. "भूल भरा, मी आलोच."

"सर, छाती तयार नाही."

"भरपूर आहे की. जंगल आहे."

"जंगलातली निम्मी झाडं वठलेली आहेत. कुठली ते दिसत नाही. आठवडा द्या, तासून येऊ द्या. आधी हनुवटीखालचे शंभर लावून बघू, धरतात का. पुढच्या सोमवारी मी स्वतः बसते."

"पुढच्या सोमवारी तारीख नाही."

"मग त्याच्या पुढच्या."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सिस्टर, नातं घरी ठेवून यायचं. टेबलावर पेशंट असतो."

भाचा कोपरावर उठून बसला. माझ्यावर चिडला होता. "मावशी, तू मध्ये पडू नकोस. मला आज करायचंय. अजून आठवडा, अजून वर्ष, असं करत किती थांबायचं? तुला रोज कुणी नकाशा म्हणत नाही."

"बाळा, हे गेले की संपलं," मी म्हटलं. "डोक्याचे संपले. आता अंगावर आहेत तेवढेच. त्यातले निम्मे आज फुकट घालवलेस तर तिसऱ्यांदा कुठून आणशील? वर छातीभर पांढरे ठिपके पडतील, आणि तू दिवसभर उघडा असतोस."

"ठिपके दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"याच्या डोक्यावर दिसतात ना."

"ते त्यानं पथ्य पाळलं नाही म्हणून..."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं. इतक्या वेळा म्हणून झालेलं असावं की त्यांना आता खरंच वाटत असावं. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि तळपायाची आग वर चढत कानांपर्यंत आली. त्यांच्यावरचा राग होताच, पण त्याहून जास्त त्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या बाईवर होता.

मी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. हातमोजे काढले.

"पाणी लागलं म्हणून नाही गेले तुझे केस," मी भाच्याला म्हटलं. "ते लावायच्या आधीच मेले होते. इथं डिशमध्ये वाळले. आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत होतो. मी डॉक्टरांना सांगितलं, वाळलेत. ते म्हणाले, लावा. आणि मी लावले."

खोलीत दुसरी एक मुलगी होती, सुया मांडत असलेली. तिचे हात थांबले.

"काय बोलताय तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचं काय आठवतंय तुम्हाला? रोज चार पेशंट असतात."

"माझा भाचा एकच आहे, सर."

"हे बाहेर बोललात तर परिणाम वाईट होतील."

"अजून बाहेर कुठं गेलेय? त्यालाच तर सांगतेय."

पाणकावळा पाय खाली सोडून सरळ बसला. कपाळावरची निळी रेषा घामानं ओघळायला लागली होती. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आई डॉक्टरांपुढं मला बोलत होती, तेव्हा तू तिथंच होतीस."

"हो."

"मी म्हणत होतो, पाण्याला शिवलो नाही. शपथा घेत होतो." त्यानं शर्ट ओढून घेतला आणि उलटी बाही नीट करण्यात उगाच वेळ घालवला. "नंतर मलाच वाटायला लागलं, कधीतरी उतरलो असेन. झोपेत वगैरे. आई इतक्या खात्रीनं सांगते म्हणजे असेल. हसू नकोस, खरंच वाटायचं."

मी कुठली हसतेय.

"अहो, आडवे व्हा, भूल द्यायचीय," डॉक्टर म्हणाले. "दुपारचा पेशंट यायचाय."

"त्याला करा आडवा," भाचा म्हणाला आणि टेबलावरून उतरला.

डॉक्टरांनी मग माझ्याकडं वळून जे काय म्हणायचं ते म्हटलं. अठरा वर्षं, विश्वास, अन्नदाता, उद्यापासून यायचं नाही. मी ऐकून घेतलं. मेट्रनबाईंच्या नंतर छातीचा केस हाताळता येणारी त्या क्लिनिकात मी एकटीच होते, हे त्यांना बोलता बोलता आठवलं असावं, कारण शेवटी शेवटी ते "विचार करा" वर आले. मी म्हटलं, "विचार झालाय."

व्हरांड्यात भाचा बूट घालत बसला होता. आरसेवाला दारातून डोकावला आणि आमचे चेहरे बघून आत गेला.

"रागावलायस ना," मी म्हटलं.

"खूप." तो नाडी बांधत राहिला. "मला वाटायचं, घरात एक तू तरी माझ्या बाजूची आहेस. आई बोलायला लागली की तू विषय बदलायचीस. मला वाटायचं, मायेनं बदलतेस."

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी घट्ट ओढली, इतकी की ती तुटली. तुटका तुकडा हातात धरून तो त्याच्याकडं बघत बसला.

"हनुवटीखालचे शंभर," तो म्हणाला. "लावून बघायचे म्हणालीस ना. कुठंतरी दुसरीकडं, नीट. तू असशील का?"

"तू म्हणशील तिथं येईन. पण धरतीलच असं नाही सांगणार मी."

"नको सांगूस." तो उठला. "पण आधी आईला सांग. मी सांगितलं तर म्हणेल, आता मावशीवर ढकलतोय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"आजच सांगते."

"फोनवर नाही."

"फोनवर नाही. समोर बसून."

त्यानं मान हलवली. मला माफ केलं असं मुळीच नव्हतं त्यात. तलावावर दुपारची शिकवणी होती, तो जिन्यानं उतरून गेला, एका पायाचा बूट सैल वाजत.

मी आत जाऊन पांढरा अंगरखा काढला, घडी घालून खणात ठेवला, किल्ली त्या सुयांवाल्या मुलीच्या हातात दिली. तिनं हळूच विचारलं, "काकू, कुठं निघालात?"

"बहिणीकडं," मी म्हटलं.

अक्का या वेळी घरी एकटी असते. दार उघडेल, मला भरदुपारी बघून आधी विचारेल, कुणाला बरं नाही का. पाणी देईल. मग लेकाचं काहीतरी काढेल, तिला सवयच लागलीय. तिथंच तिला थांबवायचं. ती मला घरात पुन्हा घेईल का, ते मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

अक्काच्या घराकडं जाणारी बस समोरच्या थांब्यावरून सुटते. दोन्ही बाजूंना बघून मी रस्ता ओलांडला.