प्लायवूडच्या लिफ्टमधली एकोणीस मिनिटं

आमच्या सिनेमात एक माणूस लिफ्टमध्ये अडकतो आणि शेवटपर्यंत अडकूनच राहतो. निर्मात्याला गोष्ट फार आवडली, कारण दुसरा सेट बांधावा लागत नाही.

लिफ्ट प्लायवूडची, एका रिकाम्या गोदामात उभी केलेली. सेटची एक भिंत उघडती ठेवायची पद्धत असते, आतबाहेर करायला. आमच्या दिग्दर्शकानं तीसुद्धा सुताराकडून बाहेरून स्क्रू मारून बंद करवली. म्हणे, कोंडलेपण आतल्या प्रत्येकाला जाणवलं पाहिजे. स्वतः बाहेर, मॉनिटरसमोर, पंख्याखाली.

आत हिरो, कॅमेरामन आणि कॅमेऱ्याच्या पायाशी मांडी घालून मी. माझं काम कंटिन्युइटीचं: हिरोच्या कुठल्या हातात स्क्रू ड्रायव्हर, शर्टाचं कितवं बटण उघडं, घाम कुठवर आला, हे वहीत टिपायचं. फोन सगळ्यांचे काढून घेतलेले. टेक एकोणीस मिनिटांचा, सलग.

बाळंतपणानंतर कामाचा माझा हा पहिलाच दिवस. बाळ पाच महिन्यांचं. बाटली पुढे केली की असं तोंड फिरवतं, जणू आपण त्याला लाच देतोय. ते शेजारच्या मेकअपच्या खोलीत सासूबाईंजवळ होतं.

चौथ्या मिनिटाला ते रडायला लागलं. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे माझ्याशिवाय कोणाचं काही बिघडत नव्हतं. मला ते रडणं ओळखता येतं. हे भुकेचं होतं, म्हणजे बाटली नाकारली. सातव्या मिनिटाला रागाचं झालं. अकराव्या मिनिटाला मध्येच तुटलं.

झोपणारं बाळ हळूहळू विझतं, जरा मुसमुसतं. हे कोणी बटण दाबल्यासारखं बंद झालं. ठसका लागला असेल. सासूबाईंनी बळेच चमच्यानं पाजलं असेल. समोर हिरो जीव तोडून घाबरत होता. तोंड मात्र जेवणाचा डबा घरी राहिलेल्या माणसाचं.

"कट," मी म्हणाले.

हा शब्द उच्चारायचा हक्क आमच्याकडे एकाच माणसाला आहे. तो बाहेरून गरजला, "कोण बोललं ते?"

"स्क्रू ड्रायव्हर चुकीच्या हातात आहे. उघडा लवकर."

सुतारानं सावकाश एकेक स्क्रू फिरवला. शेवटचा निघायच्या आत मी फटीतून बाहेर.

सासूबाई खुर्चीत आरामात बसलेल्या. खांद्यावरचं बाळ त्यांच्या चष्म्याची दांडी तल्लीन होऊन चावत होतं.

"अर्धी बाटली प्यायलाय," त्या म्हणाल्या. "चष्मा दिला आणि गप्पच झाला. तू का अशी घामाघूम? मारलं का कोणी?"

परत आले तेव्हा दिग्दर्शक टेक मागे नेऊन बघत होता. "उजवा हात. उजवाच हवा होता ना?"

नजरचूक म्हणता आलं असतं. पण मला नजरेचाच पगार मिळतो.

"हात बरोबर होता. बाळाचा आवाज अचानक थांबला, म्हणून मी खोटं बोलले."

"बाई, अकरा मिनिटं सोन्यासारखी चालली होती."

"सोनं कसलं डोंबलाचं," हिरो म्हणाला. "सहाव्या मिनिटालाच मी पुढचं विसरलो. नुसता भिंती चाचपत होतो." आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

"उद्यापासून मी दुसरं कोणीतरी बघतो," दिग्दर्शक मला म्हणाला.

"उद्याचं उद्या. आज मीच बसते. फक्त बाळ ठीक आहे, एवढं मला आत कळलं पाहिजे."

"कसं कळवू? पत्र पाठवू?"

सासूबाई बाळाला घेऊन मागे येऊन उभ्या होत्या. "मी बाहेरून लिफ्टच्या फळीवर टकटक करीन," त्या म्हणाल्या. "टकटक झाली की समजायचं, ठीक आहे."

"आजी, आम्ही थ्रिलर करतोय."

"करा की. मी कुठे नको म्हणते?"

तो दमला होता. काय हवं ते करा, असा त्यानं नुसता हात हलवला. हिरो आला, आम्ही आत शिरलो, सुतारानं भिंत बंद केली.

बाळाचा आवाज नव्हता. मी पेन घट्ट धरून बसले. तिसऱ्या मिनिटाला हिरोच्या पाठीमागे, अगदी मानेजवळ, टक टक वाजलं.

तो वळला आणि पाठीनं समोरच्या भिंतीवर आदळला. त्या फळीकडे नुसता बघत राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाहेरून कोणी कट म्हणेना.

मी वहीत लिहिलं: मिनिट तिसरं. स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर. घाम खरा. बाळ ठीक.