दुसरा पंखा

“सत्त्याण्णव झालं, काका!” इंजिनिअरबाई ओरडल्या.

“हळू बोला, मशीन घाबरेल,” हे म्हणाले. विनोद नेहमीचाच होता, पण हसलं कुणीच नाही.

संगणकाची एक बाजू उघडी होती. आत प्रोसेसरवर पातळ पत्र्यांचा कूलर आणि त्याच्या पुढे एकच पंखा, जीव तोडून फिरणारा. बाहेरून टेबलफॅनही लावला होता. तीन दिवस हे यंत्र एकच गणित सोडवत होतं: नदीचा पूर वस्तीत कुठवर शिरेल. अजून तीन तास लागणार होते आणि चार वाजता त्यावर सुनावणी होती. मधेच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि शंभर अंशांना ते आपणहून बंद पडणार होतं. म्हणून चालू यंत्रातच कूलरच्या मागे दुसरा पंखा बसवायला आम्हाला बोलावलं होतं. पुढच्याने वारा ढकलायचा, मागच्याने तो ओढून बाहेर टाकायचा.

आम्हाला म्हणजे ह्यांना. मी आमच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसते, सुटे भाग हातात देते आणि सव्वीस वर्षं ह्यांचं कौतुक ऐकते. गिऱ्हाइकं ह्यांना डॉक्टर म्हणतात आणि ह्यांनाही ते मनापासून पटलेलं आहे. पण चार महिन्यांपासून डॉक्टरांचा उजवा हात थरथरतो. ते फक्त मला ठाऊक होतं. “कुणाजवळ बोललीस तर बघ,” अशी तंबी मिळाली होती. मी बोलले नव्हते. पण आज तो हात चालू बोर्डाकडे जात होता. काही निसटून आत पडलं असतं, तर गणितही गेलं असतं आणि डॉक्टरकीही.

डोकं मात्र अजून तल्लख. पंख्याबरोबर आलेल्या तारेच्या क्लिपा ह्यांनी आधीच बाजूला सारल्या. “धातू नको. प्लास्टिकच्या केबल टायने बांधू. आणि वीज बोर्डावरून नाही, बाहेरच्या अडॅप्टरवरून.” मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी चारही कोपरे बांधले. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी पुसला नाही.

“लाव गं.”

मी अडॅप्टर चालू केला. दुसरा पंखा फिरू लागला. आम्ही तिघंही आकड्याकडे बघत राहिलो. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

“काका, वाढतंय!”

“वेळ लागतो थोडा, ताई.”

एरवी पंखा बसवला की हे शर्टाच्या खिशातून पातळ कागदाची पट्टी काढतात, पंख्यामागे धरतात, वारा बघतात आणि “पास” म्हणतात. त्याशिवाय एकही काम सोडलेलं मी पाहिलं नाही. आज पट्टी खिशातच होती. का, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पट्टी धरली की हात कापतोय हे दिसलं असतं. ती वाऱ्याने हलते की हाताने, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसतं.

नव्व्याण्णव.

मी सरळ त्यांच्या खिशात हात घातला. गिऱ्हाइकासमोर असं मी कधीच केलं नव्हतं. टेबलफॅन दुसरीकडे वळवला आणि पट्टी नव्या पंख्यामागे धरली. ती बाहेर उडायला हवी होती. ती आत ओढली जाऊन पंख्याच्या चौकटीला चिकटली. पंखा उलटा बसला होता. दोन्ही पंखे एकमेकांच्या तोंडावर वारा मारत होते. चौकटीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता, पण ह्यांचं सगळं लक्ष आपल्या हाताकडे होतं.

मी अडॅप्टर बंद केला. “अहो, चुकलंच माझं. पंखा मी तुमच्या हातात उलटा दिला.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोक्यातून पंखा त्यांनी स्वतः काढला होता. मग त्यांनी कटर उचलला. टाय कापणं भाग होतं. कटरचं पोलादी टोक बोर्डापासून वीतभर अंतरावर थरथरायला लागलं. बाईंची नजर आकड्यावरून त्या टोकावर आली आणि तिथेच खिळली. ते ह्यांनी पाहिलं.

त्यांनी कटर फिरवला आणि मूठ माझ्याकडे केली.

“तू कर,” ते म्हणाले. “माझा हात कापतो.”

बाईंसमोर, स्पष्ट शब्दांत. मला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता!

“डावा आधी. तुकडा बोटात धरून काप, खाली पडू देऊ नकोस. आता फिरव. बाण बाहेर. अगं, श्वास घे!” डाव्या हातातला टॉर्च त्यांनी जराही हलू दिला नाही. पुढच्या पंख्याची पाती माझ्या नखाला चाटून जात होती. चौथा टाय ओढला तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती.

अडॅप्टर लावला. पट्टी धरली. ती फडफडत बाहेर उडाली. अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव. एकोणनव्वद. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत थांबले.

“बघतेस काय? तू म्हण.”

“पास,” मी म्हटलं.

गणित तीनच्या आत सुटलं. तसा बाईंचा दुकानात फोन आला, तो ह्यांनी घेतला आणि पुढचं ऐकायला माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी हे माझ्याआधीच दुकानात गेले. मी पोचले तर माझ्या काउंटरच्या खुर्चीवर बसून स्क्रू निवडत होते. मान वर केली नाही. आत कामाच्या टेबलापाशी त्यांच्या स्टुलावर माझी उशी होती आणि दिवा माझ्या उंचीला खाली ओढलेला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दिव्याखाली पातळ कागदाची नवी पट्टी ठेवली होती. एरवी हे पट्टी अशी फाडायचे की कात्रीने कापल्यासारखी वाटावी. हिच्या दोन्ही कडा वाकड्यातिकड्या फाटल्या होत्या.