काठ पाहून सिधा ये

ज्याला पोहता येतं तो बुडत नाही, असं माझे बाबा मानतात. बाबा म्हणजे अर्जुनराव, धामणगाव बढ्याला वांगी-मिरची पिकवणारे. आवाज असा की आपल्या शेतातून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस दचकून मागे बघतो. गावातली निम्मी पोरं त्यांनी आमच्या विहिरीत तयार केली. पोराच्या पाठीला रिकामी कॅन बांधायची, पाण्यात ढकलायचं आणि वरून ओरडायचं, "घाबरू नको बे! काठ पाह्य अन् सिधा ये!" माझा धाकटा भाऊ अविनाश हा त्यांचा सगळ्यात लाडका चेला.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघं कोकणात गेलो. हट्ट अविनाशचाच. आईनं समुद्र पाहिला नाही, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. आईनं पाण्यात पाय घातला, पायाखालची वाळू सरकली आणि तिनं चटकन बाबांचा हात धरला. आमच्याकडे चारचौघांत असं कोण करतं? अविनाशनं लगेच फोटो काढला, आणि बाबा नव्या नवऱ्यासारखे लाजले.

मग काय, सगळंच करून झालं. पॅराशूटला लटकून अविनाश वर गेला, तेव्हा आई डोळे गच्च मिटून त्याच्यावर ओरडत होती. केळ्याच्या आकाराच्या त्या बोटीवर बसायच्या आधी बोटवाल्यानं सगळ्यांना जॅकेट घातलं, तर बाबा म्हणाले, "आमाले बी कॅन बांधून राह्यला का हा?" आम्ही इतके हसलो की पोट दुखलं. इतकं सुख मी आमच्या घरात एका वेळी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर बोटी किनाऱ्याला लागल्या, जॅकेटं परत दिली. अविनाश म्हणाला, एक डुबकी मारून येतो. बाबांनी बोटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्य आता, पोहनं कशाले म्हन्तात ते."

अविनाश आत गेला, खेळला आणि परत आमच्याकडे यायला निघाला. हात तर झपाझप चालत होते, पण तो जवळ येण्याऐवजी लांबच जात होता. मला आधी वाटलं, चेष्टा करतोय मेला. बोटवाला मात्र पाण्याकडे धावला. दोन्ही हातांनी बाजूला खुणा करत तो ओरडू लागला, "आडवो जा! आडवो जा रे!" पण तिथंच बाबाही होते. बाबांच्या आवाजापुढे कुणाचा आवाज टिकतो? "अवी, काठ पाह्य! सिधा ये बे, सिधा!" अविनाशनं बाबांकडे पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यानं बाबांकडेच पाहिलं, आणि तो सरळ आमच्या दिशेनं पोहत राहिला. बोटवाला बोट घेऊन निघाला तेव्हा अविनाशचा हात दिसत होता. बोट पोचली तेव्हा काही नव्हतं. पुढे सगळ्यांनी खूप शोधलं. तो सापडला नाही.

बोटवाल्यानं मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. पाणी आत ओढून नेतं तो पट्टा अरुंद असतो. त्याच्या उलट पोहलं की माणूस थकून जातो. किनारा धरून थोडं बाजूला सरकलं की सुटतो. "एवढा पोहणारा होता ताई, सुटला असता." मी त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, हे माझ्या बाबांना सांगू नका.

घरी आल्यावर बाबांनी मोबाइल छातीशी धरून वाट बघायला सुरुवात केली. "हिरीत बुडालेला वर येते," ते येईल त्याला सांगत. "आमचा वर आला नाही, म्हंजे बुडालाच नाही. समुद्राले बी दुसरा काठ असंलच ना?" लोक खाली बघत चहा पीत. शेजारची गोजरबाई आईला म्हणाली, देह नाही मिळाला तर जीव भटकते. तिला मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं, पण आईनं ऐकायचं ते ऐकलं होतं. गुरुजी म्हणाले, कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. तेव्हापासून आईचं एकच मागणं. "माह्या लेकराले सोडवा हो. तो अजून पान्यातच हाये." ती घास तोंडात घ्यायची आणि तिला ठसका लागायचा. हिवाळा असाच गेला. शेवटी तिचे हाल बघवेनात म्हणून बाबांनी मान हलवली.

विधीच्या सकाळी आईनं पुतळ्यासाठी परातीत कणीक चाळून ठेवली. गुरुजी यायचे होते. बाबा अंगणात केस उतरवायला बसले होते, न्हावी अजून आला नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"अर्पे, खरं सांग. तो बोटवाला काय वरडून राह्यला होता?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते दिलं असतं तर बाबांची वाट बघणं तिथंच संपलं असतं, आईला तिचा विधी मिळाला असता. पण बाबांनी मोबाइल अजून छातीशीच धरला होता. ते ऐकून हा माणूस उठून उभा तरी राहील का, असं वाटलं मला.

"तुमी म्हनत होते तेच," मी म्हटलं. "सिधा ये म्हने."

"म्हंजे मी बरोबर सांगून राह्यलो होतो?"

"हाव, बाबा."

बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते ताडकन उठले. "मंग तो निंघाला असंल! बरोबर सांगतलं, त्यानं ऐकलं, मंग तो बुडंल काऊन?" आत जाऊन ते आईला म्हणाले, "गुरुजीले फोन कर, येऊ नका म्हन. आपला पोरगा जित्ता हाये."

आईनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती, मी काही बोलते का म्हणून. मी खाली परातीकडे बघत राहिले.

मग तिनं परात पुढे ओढली, कणकेत पाणी घातलं, मीठ घातलं आणि पोळ्यांसाठी मळायला घेतलं. बाबा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. हात धुता धुता म्हणाले, "अवीच्या दोन झाकून ठेव."

आईनं दोन पोळ्या झाकून ठेवल्या.