टेप मारलेली जोड

लखूनं सख्ख्या भावावर हात टाकला, तेव्हा खरं काय ते सांगू शकेल असा माणूस त्या अंगणात एकच होता. तो मी. मी प्रवीण, रामनगरचा डिश मेकॅनिक. आणि मी खरं बोललो ते रक्त सांडल्यावर. त्याआधी तोंड उघडलं होतं ते खोटं बोलायला.

लखू आणि महाबळेश्वर हे कुणबी भाऊ जोयड्याच्या अलीकडे, सुप्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला राहतात. तीन वर्षांपूर्वी घर वाटलं आणि मधे मातीची भिंत उभी राहिली. अंगण एक, तुळस एक, बोलणं मात्र बंद. धाकटा महाबळेश्वर तसा थंड डोक्याचा. थोरला लखू म्हणजे, म्हशीनं लाथ मारली म्हणून म्हशीला उलटी लाथ घालून स्वतःचाच पाय मोडून घेतलेला माणूस.

महाबळेश्वरच्या पोरीला, रक्षिताला, बंगळूरच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळालं. दिवसभर गिऱ्हाइकांशी कॉम्प्युटरवरून बोलायचं. आमच्या भागात मोबाइलला रेंज मिळायची तर झाडावर चढावं लागतं. म्हणून महाबळेश्वरनं भिंतीला लागून उंच बांबू रोवला आणि त्याच्या शेंड्यावर रेंज धरून घरात वायफाय देणारा डबा बसवला. रक्षिताची नोकरी त्या डब्यावर होती. डबा बंद तर नोकरी बंद, इतकं सरळ.

डबा लागला त्याच दिवसापासून पलीकडे लखूच्या टीव्हीचं चित्र फुटायला लागलं. चौकोन चौकोन, आवाज तुटक. लखूची बायको केशर, तिची कन्नड मालिका ऐन भांडणाच्या जागी गोठायची. लखूनं हिशेब केला: भावानं मुद्दाम केलं. मग आठ दिवस शिव्या, छपरावर दगड, आणि एकदा महाबळेश्वरच्या कुत्र्याच्या पाठीत दांडका. नवव्या दिवशी मला बोलावणं आलं.

मी दुपारी पोचलो, लखूच्या छपरावर चढलो आणि कौल बाजूला केलं. एका नजरेत रोग कळला. वर्षापूर्वी माकडांनी डिशची तार तोडली होती. ती जोडायला मीच आलो होतो. त्या दिवशी पिशवीत कनेक्टर नव्हते. मी दोन्ही टोकं सोलली, हातानं पिळली, वर टेप मारली आणि 'पुढच्या खेपेला नीट करतो' म्हणालो. ती पुढची खेप कधी आलीच नाही. पिळलेली जोड एरवी चालून जाते. पण तिला वरचं जाळीचं कवच राहत नाही, उघड्या दारासारखी असते ती. जवळ असा डबा लागला की त्याच्या लहरी तिथून आत घुसतात. डब्याचा दोष नाही. डबा आपलं काम करत होता. काम मी केलं नव्हतं.

मी रक्षिताला ओरडून डबा बंद करायला सांगितलं. केशर आतून म्हणाली, "आता बेस दिसतंय." चालू करायला सांगितला. "फुटलं बगा!" हे सगळं अंगणातून दोघे भाऊ ऐकत होते. दुसऱ्या कुणाची जोड असती तर मी वरूनच चार शिव्या हासडून पाच मिनिटांत नवी जोड केली असती. पण माझी होती. मी तसाच खाली उतरलो.

खाली तुळशीपुढं नारळ ठेवलेला. त्या वाडीची जुनी रीत आहे. दोन घरांत तंटा लागला की दोघांचाही सोयरा नसलेल्या माणसाचा हात तुळशीपुढच्या नारळावर ठेवायचा आणि तो बोलेल ते दोघांनी मानायचं. नारळावर बोललेलं फिरत नाही. गावाचा बुदवंत, म्हणजे त्यांचा मुखियासुद्धा, ते फिरवू शकत नाही.

"परवीन बोलंल ते मला मान्य," महाबळेश्वर म्हणाला.

"मलाबी," लखू म्हणाला. "परवीनचं काम म्हंजे दगडावरची रेघ. त्याच्या तारंत खोट असायची न्हाई. बोल रे, खोट कुणाची?"

तिथंच माझी माती झाली. त्या घरात मला आधी पान वाढतात, अण्णा-वहिनी करत मी तिथं जेवलोय. 'दगडावरची रेघ' म्हणणाऱ्या माणसापुढं 'रेघ मीच वाकडी ओढली' म्हणायला जीभ वळेना. आणखी एक सांगतो, लपवत नाही. या इंटरनेटवाल्यांनी माझा धंदा खाल्लाय. पोरं सगळं मोबाइलवर बघतात, डिशकडं कुणी बघत नाही. त्या डब्याचा मला राग होता. मी नारळावर हात ठेवला.

"डब्याची," मी म्हणालो.

वाटलं, फार तर बांबू चार हात पलीकडे सरकेल. मूर्ख मी.

लखूनं कमरेच्या आकडीतला कोयता काढला. "हो बाजूला."

महाबळेश्वर बांबूपुढं उभा राहिला. "दादा, मानलं मी. पर दोन दिस दे. पोरीला कंपनीला कळवू दे, न्हाईतर काढून टाकतील तिला."

"नारळ बोलला. आता दिस कसले?"

लखूनं त्याला छातीवर ढकललं. महाबळेश्वर चुलीच्या लाकडांच्या ढिगावर पडला आणि उठला तो हातात सरपणाचा ओंडका घेऊन. थंड माणूस तापला की आवरत नाही. त्यानं तो लखूच्या खांद्यावर घातला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. दुसरा फटका कानावर बसला, कान फाटला, मान रक्तानं भरली. लखू बैलासारखा डोकं खाली घालून धावला आणि त्यानं भावाच्या तोंडावर टाळकं हाणलं. रक्षिता मधे घुसली. "दोडप्पा, नको! दोडप्पा!" थोरल्या चुलत्याचा हात तिनं दोन्ही हातांनी धरला. लखूनं हात हिसडला, पोर भिंतीवर आपटली आणि कपाळ फुटून खाली बसली.

पोरीचं रक्त बघून महाबळेश्वरनं भावाचा गळा धरला. दोघंही तुळशीच्या कट्ट्यावर कोसळले, कट्ट्याची माती ढासळली. लखूचे डोळे बाहेर यायला लागले. त्यानं कोयत्याच्या मुठीनं महाबळेश्वरच्या बरगडीत ठोसे मारले, एक, दोन, चार, तेव्हा कुठं गळा सुटला.

"थांबा!" मी किंचाळलो. "खोट माझी हाय! तार मीच पिळून जोडली व्हती. डब्याचं काय न्हाई!"

लखू उठून माझ्याकडे आला. धापा टाकत होता. "नारळावर काय बोल्लास?"

"खोटं बोल्लो, अण्णा."

"नारळावर कोण खोटं बोलत न्हाई. आता भ्यालास म्हून बोलतोस." त्यानं तोच नारळ उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. पुढचा दात मोडून जिभेवर आला. "त्याची बाजू घेतोस व्हय?"

त्याला माझं खरं पटणार नव्हतं. खोटं मात्र मी देवासमोर बोललो होतो, ते पक्कं बसलं होतं. आता एकच उरलं. डबा चालू असताना टीव्ही स्वच्छ दाखवायचा. मी शिडीकडं पळालो.

वर पोचलो. तोंडातलं रक्त कौलावर गळत होतं. जोड कापली, एक टोक सोललं, जाळी मागं दुमडली, कनेक्टर चढवायला गेलो तर निसटून पन्हळीत गेला. दुसरा काढला. खाली ओंडका पडल्याचा आवाज, मग मांसावर बुक्क्या पडल्याचा, मग लखूची आईवरून शिवी, आणि आई तर दोघांची एकच. रक्षिता हुंदके देत नुसतं "अप्पा, अप्पा" करत होती. मी दुसरं टोक सोललं. चाकू अंगठ्यात घुसला, तरी कनेक्टर बसला. मधली जोड आवळली.

"वहिनी!" मी ओरडलो. "टीवी बगा!"

केशर रडत रडत आत गेली. बांबूच्या शेंड्यावर डब्याचा हिरवा दिवा चालू होता.

"दिसतंय!" ती आतून ओरडली. "अवो, सगळं दिसतंय! थांबा!"

लखूनं ते ऐकलं. पण कोयता तेव्हा खाली यायला निघाला होता. तो बांबूवर येत होता. महाबळेश्वरनं तो वाचवायला बांबूलाच मिठी मारली होती.

दोन बोटं पायाशी पडली. उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं. महाबळेश्वर हाताकडं बघत राहिला. आत टीव्हीवर कुणीतरी हसत होतं, एकदम स्वच्छ.

लखूनं कोयता फेकला. डोक्याचं मुंडासं सोडून भावाच्या हाताला गुंडाळलं, इतकं घट्ट की त्याचीच बोटं पांढरी पडली. रक्षितानं कपाळाचं रक्त न पुसता बोटं उचलून पिशवीत घातली. वाडीतल्या एकानं जीप आणली. जोयड्याच्या दवाखान्याकडे निघालो. लखूनं भावाला मांडीवर घेतलेलं आणि फाटक्या कानाचं रक्त त्याच्या अंगावर ठिबकत होतं. मी मागं बसलो होतो. मला कुणी 'चल' म्हणालं नव्हतं, 'येऊ नको' असंही नाही.

धरणाच्या वळणावर महाबळेश्वरनं डोळे उघडले.

"परवीन," तो म्हणाला, "तारंच्या जोडीचं तुला कवा कळलं?"

खोटं बोलायला अजून जागा होती. उतरल्यावर कळलं, भांडण बघून सुचलं, काहीही चाललं असतं.

"कौल काढलं तवाच," मी म्हणालो.

"नारळावर हात ठेवायच्या आदी?"

"व्हय."

लखूनं जीप थांबवायला लावली. भावाचं डोकं हळूच रक्षिताच्या मांडीवर ठेवलं, खाली उतरला आणि मला पायाला धरून रस्त्यावर ओढलं. मग मारलं. बुक्क्यांनी, लाथांनी, बरगडीवर, तोंडावर. एक डोळा मिटला. मी हात वर केले नाहीत. मारताना तो रडत होता आणि तोंडानं एकच विचारत होता, "का न्हाई बोल्लास? का न्हाई बोल्लास?"

"दादा," आतून महाबळेश्वरचा आवाज आला. "चल. मला लई दुकतंय."

लखू थांबला. कपडे न झटकता जीपमध्ये चढला. जीप निघून गेली. दवाखान्यात दोघांनीही 'लाकूड तोडताना लागलं' असंच सांगितलं, हे मला नंतर कळलं. पोलीस आले नाहीत. बोटं काही बसली नाहीत.

मी डांबरावर पडून होतो. लखूनं इतक्यात थांबायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.