कागारीचा शेवटचा भाग

मित्रांनो, मी एक जुने पर्व आहे. महाभारतातले नव्हे, तेवढे माझे नशीब कुठले! टोकियोत ‘वाऱ्याची होडी’ नावाची मुलांची कार्टून मालिका वर्षानुवर्षे चालली, तिचे मी पाचवे पर्व. चौथ्याचे गोडवे लोक अजून गातात. सहाव्याची खेळणी अजून दुकानात मिळतात. माझा विषय निघाला की मात्र जाणकार म्हणतात, “ते नाही पाहिलं तरी चालेल.” हे ऐकतच मी म्हातारे झाले.

माझा जन्मच अडचणीतून झाला. आमची मालिका ज्या चित्रकथेवरून निघायची, तिचे लेखक आजारी पडले आणि पुढची कथा येईना. दर आठवड्याला पडद्यावर काहीतरी दाखवायला तर हवे! मग निर्माते ओतागुरो आमच्या चित्रकर्तीच्या, शिराकावा फुसाएच्या टेबलापाशी आले. म्हणाले, “शिराकावासान, मूळ गोष्ट येईपर्यंत वर्षभर होडी कुठंतरी फिरवून आणा. फक्त कुणाला मारू नका आणि कुणाचं लग्न लावू नका.”

फुसाएने नुसती होडी फिरवली नाही, तिने कागारी घडवली. दीपगृहाच्या राखणदाराची ही मुलगी, पुढचा दात तुटलेली आणि भांडायला एका पायावर तयार. वादळात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती नायक तेप्पेईच्या उडत्या होडीत लपून चढते, आणि पकडली गेल्यावर उलट त्यालाच दटावते. मुलांनी तिला डोक्यावर घेतले. मैदानात खेळताना तेप्पेई व्हायला कोणी मिळेना, कारण मुलग्यांनाही कागारीच व्हायचे असे! त्या वर्षाइतके सुख मला पुन्हा मिळाले नाही.

फुसाएचा स्वतःचा भाऊ मासेमारीच्या बोटीवर गेला होता, तो परत आला नव्हता. रंगविभागाच्या इकुनोबाईंना तिने एकदा चहा पिताना सांगितले होते, “गोष्टीत तरी भाऊ सापडू दे. तेवढ्यासाठीच चाललंय हे सगळं.”

उन्हाळा संपता संपता मूळ कथा आली. ओतागुरोंनी हुकूम काढला: सहावे पर्व चौथ्याच्या पुढून सुरू होईल, त्यात कागारी नसेल. फुसाएने मान खाली घालून ऐकले आणि शेवटचे दोन भाग काढायला बसली. पहिल्यात होडी फुटते आणि कागारी समुद्रात बुडताना दिसते. दुसऱ्यात पुढचे सगळे होते. तो काढताना तिचे मनगट सुजले, तेव्हा तिने पट्टी बांधून काढला.

बुडण्याचा भाग दाखवून झाला आणि मधेच बेसबॉल आडवा आला. त्या वर्षी टोकियोच्या संघाला अजिंक्यपदाची अशी चुरस लागली, की दूरदर्शनवाल्यांनी आमची संध्याकाळ सामन्याला देऊन टाकली. माझ्या शेवटच्या भागाला त्यांनी छत्री बनवले. आमच्याकडे छत्रीचा कार्यक्रम म्हणजे पावसाने सामना रद्द झाला तरच दाखवायचा कार्यक्रम.

“म्हणजे पाऊस पडला तरच?” फुसाएने विचारले.

“पडला तरच. माझ्याकडे असं बघू नका, चेंडू काही मी फेकत नाही,” ओतागुरो म्हणाले.

“आणि नाही पडला तर पुढच्या आठवड्यात दाखवाल ना?”

“पुढच्या आठवड्यात सहावं पर्व. खेळणीवाले थांबणार नाहीत.”

“मग मुलांना वाटेल ती बुडून मेली!”

“मुलं विसरतात हो.”

“विसरतात म्हणे!” इकुनोबाई मागून कडाडल्या. “माझी नात परवापासून नीट जेवली नाहीये, तिला येऊन सांगा जरा!”

आमच्याकडे ऊन पडावे म्हणून मुले खिडकीत कापडाचे टकले बाहुले टांगतात. पाऊस हवा असेल तर त्यालाच उलटे टांगायचे. सामन्याच्या दिवशी रंगविभागातल्या बायकांनी चित्रे पुसायच्या फडक्यांचे बाहुले केले आणि खिडक्या भरून टाकल्या. “लटक मेल्या! पाऊस पाडल्याशिवाय सरळ करणार नाही तुला,” असा दम इकुनोबाईंनी प्रत्येकाला दिला.

आणि संध्याकाळ होता होता पाऊस आला! असा आला, की रस्त्यापलीकडचे नूडल्सचे दुकान दिसेना. बायकांनी टाळ्या पिटल्या, इकुनोबाई भिजत जाऊन सगळ्यांसाठी बटाट्याची गरम कटलेटे घेऊन आल्या. फुसाए पहिल्यांदाच मोठ्याने हसली. मग सगळ्यांनी गोल करून दूरदर्शन लावले.

पडद्यावर कोरडे ठणठणीत मैदान होते. खेळाडू धावत होते आणि धूळ उडत होती.

“थेट दाखवतायत ना हे? मग पाऊस कुठाय?” इकुनोबाईंनी विचारले.

कॅमेरा चालवणारा हळूच म्हणाला, “सामना नागोयाला आहे, इकुनोसान.”

“टोकियोचा संघ नागोयात काय करतोय?”

“खेळतोय.”

दिवसरात्र टेबलाला चिकटलेल्या त्या बायकांपैकी कोणी जन्मात सामना पाहिला नव्हता. संघ दुसऱ्या गावी जाऊन खेळतो, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही. कोणीतरी फिस्सकन हसले. फुसाए उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. कटलेटे तशीच गार झाली.

नंतर मुलांच्या पत्रांचा ढीग आला. कागारी मेली का, हाच प्रश्न. फुसाएला उत्तरे लिहायची होती, पण ओतागुरो म्हणाले, “पाचवं पर्व घडलंच नाही असं धरायचं ठरलंय. न घडलेल्याचं काय उत्तर देणार?” सहाव्या पर्वात होडी पुन्हा धडधाकट होती. कागारी जिथे झोपायची, तिथे पाण्याचे पिंप होते. तेप्पेईने एकदाही तिचे नाव काढले नाही. मित्रांनो, मला त्या पोराचा अजून राग येतो.

माझी चित्रे कचऱ्यात गेली. शेवटच्या भागाचा डबा बॉयलरशेजारच्या खोलीत पडला. उष्णतेने फिल्म आतल्या आत आंबली, आक्रसली, एकमेकांना चिकटली. आता मालिकेच्या वर्धापनदिनासाठी सगळी पर्वे डीव्हीडीवर विकायला काढायची ठरली, तेव्हा नागाता नावाच्या तरुणाने तो डबा उघडला आणि नाकाला रुमाल लावला. निदान शेवट काय होता ते डीव्हीडीच्या वेष्टनावर छापता यावे म्हणून त्याने म्हाताऱ्या फुसाएला बोलावून घेतले.

ती काठी टेकत आली. डब्यात वाकून बघितले.

“शिराकावासान, शेवटी कागारीचं काय झालं होतं?”

“बुडाली ना ती.”

“पण तुम्ही वेगळा शेवट काढला होता म्हणतात.”

“काढला असेल. तरुण होते मी तेव्हा.” तिने झाकण लावले. “समुद्र कुणाला परत देत नाही हो. लिहा, बुडाली.”

नागाताने तसेच लिहिले आणि तसेच छापले. माझ्यात किंचाळायला आवाज उरला नव्हता, नाहीतर मी ती इमारत हलवली असती.

मला जपा असे मी आता म्हणणार नाही, जपण्यासारखे काही राहिलेच नाही. पण एखाद्या मुलाला गोष्ट सांगायला घेतलीत, तर मधे उठून जाऊ नका. सामना असो, पाहुणे असोत, त्यांना थांबवा. अर्ध्यावर सोडलेले मूल तिथेच बसून राहते, आणि सांगणाराही.

तेव्हा निदान तुम्ही ऐका. कागारी बुडाली नाही. एका मासेमारी बोटीवरून तिच्याकडे दोर येतो. तो टाकणारा मुलगा आता तिच्यापेक्षा उंच झालेला असतो, म्हणून ती त्याला आधी ओळखत नाही. मग ओळखते. “एवढा उशीर?” असे ओरडून त्याच्या पाठीत एक धपाटा घालते, आणि मगच रडते.