दोन तिकिटं

आमच्या शर्टाच्या खिशावर काळा बिल्ला असतो आणि त्यावर नावाआधी ‘एल्डर’ लिहिलेलं असतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय एकोणीस, मिशीचा पत्ता नाही, अंडी उकडायला ठेवली तर पातेलं करपतं, पण आम्ही वडीलधारे! आम्हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या पोरांना घरापासून लांब दोन वर्षं धर्मप्रचाराच्या सेवेला पाठवतात, तेव्हा हा मान आपोआप पदरात पडतो.

त्याच्याबरोबर एक जोडीदारही पदरात पडतो. तो आपण निवडायचा नसतो. नियम असा, की जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा; बाथरूम तेवढं सोडून. उठायचं दोघांनी, अभ्यास दोघांनी, लोकांची दारं ठोठवायची दोघांनी, आणि ती तोंडावर आपटली की जिना उतरायचा तोही दोघांनी.

माझ्या वाट्याला घुम्या आला. हे नाव माझंच, मनातल्या मनात ठेवलेलं. मला पहिल्यापासून नको तिथे नाक खुपसायची खोड. समोरच्याच्या घरी कोण कोण आहे, त्याला झोप कशी लागते, तो कशाला घाबरतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि हा प्राणी असा, की ढीगभर प्रश्न विचारावेत तेव्हा एक ‘हं’ मिळायचा.

दारात बोलायची पाळी आली की याच्या घशाला कोरड पडे. एकदा एका बाईंनी प्रेमाने चहा विचारला. आम्ही चहा-कॉफी घेत नाही, एवढंच सांगायचं होतं. हा घाबरून म्हणाला, “नको, पाप लागतं.” बाई आत गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. मी रस्त्यात पोट धरधरून हसलो. तो हसला नाही.

हातात ब्रश दिला की मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. वरच्या गल्लीत एक निवृत्त टायपिस्ट बाई राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आम्ही सेवा म्हणून रंगवत होतो. खिडकीच्या कडेने याचा हात असा चाले, की काचेवर एक ठिपका उडत नसे. माझी बाजू बघून बाई म्हणाल्या, “तुम्ही आपलं बोलायचंच काम करा.”

ती भिंत अर्धी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन येतो तर घुम्या बॅग भरून दारात उभा.

“कुठे?”

“घरी.”

“घरी म्हणजे?”

“घरी म्हणजे घरी. तू थांब इथेच.”

“मला कसं थांबता येईल? तू एकटा पडशील.”

“अरे, मी पळून जातोय!”

“मग जा ना. मी फक्त बरोबर येतोय.”

खरं तर आमच्या वरिष्ठांना फोन लावायला हवा होता. पण त्यांनी समजूत घालून त्याला गप्प केलं असतं, आणि आधीच गप्प असलेल्या माणसाला आणखी गप्प करून मला काय कळणार होतं? हा का जातोय, हे मला जाणून घ्यायचंच होतं. मी बूट चढवले आणि निघालो.

बस स्टँडच्या वाटेवर त्याला कंठ फुटला. “मला माणसांशी बोलता येत नाही. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत बाबांचा बिल्ला आहे, काचेच्या कपाटात. त्यांच्या सेवेच्या वेळचा. दर रविवारी पुसतात. मी असा मध्येच परत गेलो तर ते दार उघडणार नाहीत.”

“मग जातोस कशाला?”

“इथली दारं तरी कुठे उघडतात?”

मला फार वाईट वाटलं, आणि मी त्याची बॅग धरली.

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “किती?”

“दोन,” घुम्या म्हणाला.

इतके महिने बसमध्ये, खाणावळीत, सगळीकडे आम्ही तेच सांगत आलो होतो. तिकिटं हातात आल्यावर त्याला उमगलं. तो तिकिटांकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.

“एक परत घ्या,” तो खिडकीत म्हणाला.

“परत घेत नाही. पुढचे या.”

बस लागली होती. घुम्याचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हा दोघांत एकच फोन, तो माझ्याकडे. नियमाने घरी बोलायचं ते फक्त सोमवारी, आणि त्या दिवशी सोमवार नव्हता. मी फोन काढून त्याच्या हातात दिला. “बाबांना विचार,” मी म्हणालो. “दार उघडणार की नाही, ते तरी कळू दे.”

त्याने फोन लावला. मी नियमाप्रमाणे हाकेच्या टप्प्यात होतो, म्हणजे जवळजवळ फोनला कान लावून.

“बाबा, मी बस स्टँडवर आहे. मी परत येतोय. दार उघडाल ना?”

पलीकडून आवाज आला, “जोडीदार कुठे आहे?”

“इथेच. बरोबर आलाय. बाबा, मी... माझ्याकडून दोन तिकिटं निघाली.”

घुम्याने डोळे मिटून घेतले. आणि मग त्याचे बाबा हसायला लागले. आधी दबकत, मग अगदी खोकला येईपर्यंत.

“मग दोघं या,” ते म्हणाले. “आईला जास्तीचं जेवण करायला सांगतो. दार काय, उघडंच आहे. तुझ्यासाठी कधी बंद होतं रे?”

घुम्या तिथेच बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. कंडक्टरने दोनदा पुकारलं. बोलायचं काम माझं, तरी बोललो नाही. आमच्या देखत बस निघून गेली.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं आणि ‘आज येत नाही’ एवढं बाबांना फोनवर कळवलं. एक तिकीट स्वतःच्या खिशात ठेवलं, दुसरं माझ्या बिल्ल्यामागच्या खिशात सरकवलं.

“चल,” तो म्हणाला. “टायपिस्ट बाईंची अर्धी भिंत राहिलीये. आणि आज खिडकीजवळ तू हात लावू नकोस.”