नावाचं कडवं

इचोड्याच्या हमरस्त्याला लागून असलेल्या ज्या टायरच्या दुकानात मी काम करतो, तिथला कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारच्या धाब्यावरचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, आणि म्हणूनच गाण्यासाठी मला ती जागा आवडायची. नागपूरकडे जाणारे ट्रक येऊन उभे राहत, मी चाकाशी उकिडवा बसून नट सैल करायचो, आणि त्या घरघरीच्या आडोशाला तोंड उघडून गायचो. कुणी माझे ओठ हलताना पाहिलेच, तर मी चाकाशी बोलतोय असं त्याला वाटत असेल.

गायचो ती बहुतेक भिवाजीदादांची गाणी. भिवाजीदादा पैनगंगेपलीकडचे. जयंतीला किंवा विहाराच्या कार्यक्रमाला त्यांची गायनपार्टी आमच्या बाजूला येते. पण मी त्यांना मोबाइलवरच ऐकलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं. त्यांची गाणी गाता गाता एके दिवशी माझं स्वतःचंच एक गाणं जुळून आलं. ते मी कागदावर उतरवलं नाही, की कुणाला ऐकवलं नाही.

उभा राहा रं लेकरा, तुझं नाव सांग,
वाकली ना मान ज्याची, त्याचं गाव सांग.

आमच्याकडच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात, ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव येतं. गाणारा कुणीही असो, ते नाव तो गातोच, आणि ते आलं की मांडवात टाळ्या पडतात. माझं गाणं नेमकं तिथं अडलं होतं. बाकीची कडवी तयार होती, फक्त नावाचं जमत नव्हतं. ओळ सुचायची, पण नावाशी आलं की ओठ मिटायचे, कॉम्प्रेसर कितीही जोरात चालू असला तरी.

याला कारण होतं. सातवीत असताना नव्या सरांनी प्रत्येकाला उभं करून पूर्ण नाव विचारलं. माझी पाळी आली, मी उठलो, आणि मला माझं नाव आलं नाही. ठाऊक होतं, पण तोंडातून येईना. वर्ग हसला, सरही हसले. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन घरातून निघालो तो या टायरच्या दुकानापाशी येऊन बसलो, आणि पुढेही रोज तिथंच बसत गेलो. शेवटी मालकानंच हातात पाना दिला.

उटनूरच्या विहाराचा वर्धापन दिन थंडीत येतो. यंदा भिवाजीदादा येणार, हे नागसेननं मला सांगितलं. नागसेन माझ्या वर्गातला. तो शिकत गेला आणि आता सरकारी शाळेत मास्तर आहे. आमचा तिसरा दोस्त कुलदीप, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा. त्याला भीमगीतांचं फार काही नव्हतं, पण त्याच्याकडे पिकअप होती आणि रविवार मोकळा होता. जंगलातल्या गावांच्या लोकांना उजेडातच घरी परतायचं असतं, म्हणून कार्यक्रम दुपारचा ठेवला होता.

आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. मागे फुलकोबीच्या रिकाम्या क्रेट खडखडत होत्या. मी निळ्या चौकटीचा शर्ट घातला होता. त्याची कॉलर मायनं उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती, आणि तिचा टाका मानेपाशी जरा वाकडा गेला होता. रस्ता सागाच्या रानात शिरला तसा मी पुटपुटायला लागलो.

"जरा मोठ्यानं म्हण ना बे," कुलदीप म्हणाला. "का माह्या गाडीत बी लाजून राह्यला?"

"त्याले राहू दे," नागसेन म्हणाला. "लग्नात बी हा तोंडावर रुमाल धरूनच बसन."

"याले पोरगी देते कोन? नाव विचारलं तं हा पळून जाईन."

दोघंही हसले, मीही हसलो. या थट्टेत वाईट काही नव्हतं. लहानपणापासून ती चालत आली होती आणि तिच्यात मला माझी जागा होती.

मांडवाच्या तोंडाशी खुशाल नावाचा कार्यकर्ता उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशावर तो निळी फीत टाचत होता. नागसेनला लावली, कुलदीपला लावली, आणि माझ्यापाशी येऊन त्याचा हात थांबला.

"तुमाले तं मघाच लावली ना भाऊ? काढली काऊन?"

"मी आत्ताच आलो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि माझी गंमत कळल्यासारखा हसला. "बरं बरं. जय भीम. चला, म्होरं व्हा." मागे माणसं खोळंबली होती. फीत मागायला पुन्हा तोंड उघडायचं, या विचारानंच कान तापले, आणि मी तसाच आत गेलो.

"तुह्यासारखी थोबाडं उटनुरात लय असतीन," कुलदीप म्हणाला.

भिवाजीदादा मला वाटले होते त्यापेक्षा ठेंगणे निघाले, आणि त्यांचा आवाज मात्र मोबाइलमधल्यापेक्षा कितीतरी मोठा. हार्मोनियमवर स्वतःच बसले होते, मागे कोरसची पोरं, बाजूला ढोलकी. एका हातानं भाता ओढत दुसरा हात ते असा पुढे करायचे, की समोरच्या प्रत्येकाला तो आपल्यासाठीच पुढे झाला असं वाटावं. मी इतका सुखात होतो, की माझे ओठ उघडे हलताहेत हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. कुलदीपला व्हिडिओ काढायचा होता, म्हणून तो उठून मंचाच्या कडेला जाऊन उभा राहिला. नागसेन माझ्या शेजारी होता.

मग ढोलकीची चाल बदलली. ती चाल मला ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना, आणि आठवलं तेव्हा भिवाजीदादा गायला लागले होते.

उभा राहा रं लेकरा, तुझं नाव सांग...

पहिल्यांदा मला आनंदच झाला, हे खरं सांगितलं पाहिजे. आपलं मूल गर्दीत दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेलं दिसावं तसा. मग मी एकेक शब्द ताडून पाहू लागलो. शब्द तेच होते. दुसऱ्या कडव्यात जिथं मला दम पुरायचा नाही आणि मी एक मात्रा थांबायचो, तिथं भिवाजीदादाही थांबले.

"नागसेन," मी त्याच्या कानाशी म्हणालो, "हे गाणं माहं हाय."

"सगळ्यायचंच असते बे."

"तसं न्हाई. म्या रचलं हे."

त्यानं वळून पाहिलं. हसण्यासाठी त्याचा चेहरा तयार झाला होता, पण माझ्याकडे पाहून तो हसला नाही. "कोनाले देल्लं होतं?"

"कोनालेच न्हाई."

"मंग थांब," तो म्हणाला. "शेवटच्या कडव्यात नाव येते का न्हाई? कोनाचं येते ते पाहू."

मी थांबलो. त्या वेळी मला काय हवं होतं, हे मला नीट आठवतं. माझं नाव यावं असं वाटत होतं, आणि ते येऊ नये म्हणून मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो होतो.

माझी सगळी कडवी संपली, आणि भिवाजीदादांनी हात वर केला. कोरस थांबला. नुसती ढोलकी बारीक वाजत राहिली.

"आता नावाचं कडवं," ते म्हणाले. "पन ते मी गानार न्हाई. गेल्या महिन्यात आमचा मुक्काम निर्मलला होता. दुपारचं हे लेकरू आलं, माह्यासमोर उभं राहून हे गानं म्हनलं. म्या म्हनलं, बाबा, नावाचं कडवं दे. तं म्हनते, दादा, ते मी उटनूरले सवता उठून म्हनन. ते लेकरू आज इथं बसलेलं हाय." त्यांनी हात पुढे केला. "ऊठ बाबा."

निर्मलला मी लहानपणी एकदाच गेलो होतो, मायबरोबर, लाकडाची खेळणी पाहायला.

मांडवातली डोकी इकडेतिकडे वळू लागली. नागसेनचा हात माझ्या पाठीवर आला. "ऊठ," तो म्हणाला. थट्टेत नव्हे. त्याचा आवाज इतका मायेचा मी पूर्वी ऐकला नव्हता. "ऊठ ना, हर्षदीप. नाव सांग."

मी खाली पाहिलं. पायाखाली ताडपत्री होती, तिच्यावर केळ्याचं एक साल पडलं होतं, आणि त्या सालावर एक माशी चालत होती. मी त्या माशीकडे पाहत राहिलो. 'मी नाही, मी नव्हे,' असं मी म्हणालो की नुसतं मनात आणलं, ते सांगता येत नाही. पण ते आलं मात्र फार मनापासून. नागसेनचा हात पाठीवरून सुटला. आणि मग, अगदी जवळून, स्वच्छ आवाजात, कुठेही न अडता, माझं नाव ऐकू आलं. माझं, माझ्या बापाचं, आडनावासकट. आणि शेवटी गाव, इचोडा.

टाळ्या पडल्या. मी डोळे वर केले तेव्हा एक माणूस रांगांमधून मंचाकडे चालला होता. त्याचा शर्ट निळ्या चौकटीचा होता. कॉलरचा टाका मानेपाशी जरा वाकडा गेला होता. नागसेन त्याच्या मागोमाग, टाळ्या वाजवत, धावत निघाला होता.

त्यानं वळून पाहावं असं मला वाटलं नाही. मी कनात उचलून बाहेर पडलो. बाहेर झाडांना भोंगे बांधले होते, म्हणून मी पिकअपच्या आडोशाला बसून दोन्ही कान दाबून धरले. माझंच नाव माझ्या कानांत येऊ नये म्हणून.

ऊन उतरल्यावर ते दोघं आले. कुलदीपनं लांबूनच मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली.

"काय गायला बे! अन् इकडं येऊन लपला कवा? भिवाजीदादा तुले हुडकून राह्यले, जेवाले थांबवा म्हने."

नागसेननं माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे ओले होते. "सातवीतल्या त्या वर्गात मी बी हसलो होतो," तो म्हणाला. "आज ते फिटलं."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. एवढंच, की तो मी नव्हे, मी उठलो नाही. तोंड उघडलंही. पण नागसेन माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता, तशा नजरेनं माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी तोंड मिटून घेतलं. मी नुसता हसलो. त्या हसण्याइतकी लाज मला वर्गातल्या त्या दिवसाचीही वाटलेली नाही.

परतताना दोघंही तेच गाणं म्हणत होते. शेवटचं कडवं म्हण, म्हणून माझ्या मागे लागले. घसा बसलाय, म्हणालो. कुलदीपनं व्हिडिओ लावून मोबाइल माझ्या हातात दिला. दादांनी "ऊठ बाबा" म्हटल्याबरोबर त्यानं मोबाइल लोकांकडे वळवला होता. नागसेन दिसत होता, आणि ज्याच्या पाठीवर त्याचा हात होता तो माणूस उठत होता. उठता उठता त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले, त्यामुळे चेहरा झाकला गेला. खिशावर निळी फीत होती. मग तो मंचाकडे चालू लागला, मोबाइल हलला, आणि पुढचं कडवं टाळ्यांच्या गदारोळात बुडून गेलं.

मी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. तो उठून गेल्यावर त्याची खुर्ची क्षणभर स्पष्ट दिसते. ती रिकामी होती. त्या वेळी मी त्या खुर्चीत बसलो होतो.

दिवेलागणीला त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. चालता चालता मी एक ठरवलं. दोस्तांना जमलं नाही, पण मायला खरं सांगायचं. बाप गेल्यापासून तिच्याशी मी खोटं बोललो नव्हतो. शाळा सुटल्याचंही तिला मीच येऊन सांगितलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. भागीरथा, माझी माय, चुलीपाशी भाकर थापत होती. मोरीतून पाणी वाहून गेल्याची ओल उंबऱ्यापर्यंत आली होती.

"कुठी गेलता परत?" तिनं मान न वळवता विचारलं. "भाकर निवून राह्यली."

"माय," मी म्हणालो, "आज उटनूरले... मी उभा राह्यलो न्हाई."

ती हसली. हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून ती माझ्याकडे तोंड करून बसली. इतकी निवांत बसलेली ती मला आठवत नव्हती. दिव्याच्या उजेडात तिच्या खांद्यावर, पदराला नीट टाचलेली निळी फीत दिसली.

"हे कोनं लावली?"

"कोनं म्हंजे? तूच ना," ती म्हणाली. "लाजतं काऊन आता? ते नावाचं कडवं म्हन अजून एक डाव. आंघोळ करतानी म्हनून राह्यलता, पान्याच्या आवाजात मले नीट आयकू न्हाई आलं."

मी दारातच होतो. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"म्हन ना रे बाबा," माय म्हणाली. "उभा राहून म्हन. मघासारखा."